बॉम्ब पडल्यानंतरची टोपली

वॉशिंग्टन शहरावर अणुबॉम्ब पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सफरचंदांच्या टोपलीचं माप कोण तपासणार, या प्रश्नाने आज कुणाची झोप उडत नाही. एकोणीसशे साठ साली तो प्रश्न माझ्या टेबलावर आला आणि दोन वर्षं तिथून हलला नाही.

आमची कचेरी होती टोपल्या आणि पिंपांची. हसू नका. पीच, सफरचंदं, बटाटे, लोणच्याच्या काकड्या, जे जे काही अमेरिकेत टोपलीतून किंवा पिंपातून विकलं जायचं, त्या टोपलीचा घेर किती, पिंपाचं पोट किती, हे आम्ही ठरवायचो. एका मोठ्या खात्याच्या मोठ्या इमारतीमागे एक छोटी इमारत होती, तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही बसायचो. खालच्या मजल्यावरच्या लोकांना आम्ही वर आहोत हे माहीत नव्हतं. पण आमच्याकडे मूळ पिंप होतं. देशातलं प्रत्येक सफरचंदाचं पिंप ज्याच्या मापाचं असायला हवं, ते ओक लाकडाचं पिंप आमच्या साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात उभं असायचं, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते टोपी काढून दाखवलं जायचं.

तर वरून परिपत्रक आलं. आणीबाणीत सरकारचं काम थांबता कामा नये. सबब प्रत्येक कचेरीने योजना करावी: शहर सोडून कुठे जायचं, बरोबर काय न्यायचं, आणि साहेब गेला तर त्याच्या जागी कोण, तो गेला तर कोण, तोही गेला तर कोण. शेवटची ओळ अशी, की ज्या कचेऱ्या योजना पाठवणार नाहीत त्या अत्यावश्यक नाहीत असं समजण्यात येईल.

आमचे ऑर्म्सबीसाहेब स्वभावाने शांत होते. रोज दुपारी टोमॅटो सूप आणि दोन बिस्किटं, वर्षानुवर्षं. पण ती शेवटची ओळ वाचल्यावर त्यांचा चेहरा सुपासारखा झाला.

"स्प्रॅग," ते मला म्हणाले, "बॉम्ब पडल्यावर लोक सफरचंदं खाणार की नाही?"

"खातील साहेब. उरले तर."

"मग टोपली कुणी मोजायची? भामटे काय बॉम्बची वाटच बघत बसलेत. तुम्ही योजना करा. आजपासून तुम्ही आमचे आणीबाणी अधिकारी."

पगार तोच. खुर्चीही तीच. पण दारावर पाटी लागली आणि खिशात फोटोसकट एक पास आला: हार्लन स्प्रॅग, आणीबाणीत याला कोणीही अडवू नये. आयुष्यात मला कोणीही अडवलं नव्हतं, कारण मी अडवण्यासारखं कुठे गेलोच नव्हतो. तरी तो पास मी घरी आरशासमोर उभा राहून दोनदा काढून दाखवला.

पहिली अडचण जागेची. मोठ्या खात्यांनी डोंगरापलीकडची चांगली चांगली कॉलेजं आणि हॉटेलं आधीच पटकावली होती. एका खात्याला तर गरम पाण्याच्या झऱ्यांचं हॉटेल मिळालं होतं, आणि त्यांचा आणीबाणी अधिकारी पाहणीसाठी दर महिन्याला टॉवेल घेऊन जायचा. मी एका बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलला लिहिलं. तो पत्र पोचेपर्यंत पुन्हा सुरू झाला. मग एका दुग्धशाळेला लिहिलं. त्यांनी उलट विचारलं, तुमची माणसं दूध काढतात का? शेवटी मिळाली एका चर्चची लहान मुलांची उन्हाळी छावणी. डोंगरात तळं, तळ्याकाठी लाकडी झोपड्या, झोपड्यांत दहा वर्षांच्या पोरांच्या मापाच्या खाटा.

छावणीच्या व्यवस्थापिका झेलरबाई. हाडापेराने मजबूत, केसांचा अंबाडा लोखंडी. त्यांनी मला अटी सांगितल्या. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, जेवणाआधी प्रार्थना.

"आणि बॉम्ब रविवारी पडला तर," त्या म्हणाल्या, "अकराच्या आत कचेरी उघडायची नाही. आधी उपासना."

"बाई, आणीबाणी असेल."

"तेव्हाच तर जास्त गरज, स्प्रॅगसाहेब."

हे मी योजनेत घातलं. वरून शेरा आला, रविवारचा खुलासा करावा. मी केला. मग आला खाटांच्या लांबीवर शेरा. मी कळवलं, की आमचे कर्मचारी पाय दुमडून झोपायला तयार आहेत. त्यावर विचारणा आली, की ही तयारी सक्तीची आहे की ऐच्छिक. अशा पत्रव्यवहारात माणूस पोक्त होतो.

आता खरी गंमत. छावणीचं ठिकाण गुप्त. कागदावर कुठेही लिहायचं नाही. इकडे आमच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या नकला भरलेली लोखंडी कपाटं तिथे पाठवायची. मालवाहतुकीच्या कागदावर 'कुठे' या रकान्यात मी सरळ 'गुप्त' असं लिहिलं. 'पाठवणारा' या रकान्यात माझं नाव आणि घरचा पत्ता. ट्रकवाला बिचारा काय करणार? शनिवारी सकाळी मी आंघोळ करून खाली येतो तो माझ्या अंगणातल्या हिरवळीवर, गुलाबाच्या ताटव्यासमोर, नऊ लोखंडी कपाटं उभी, आणि प्रत्येकावर लाल अक्षरांत: शत्रूच्या हल्ल्यानंतर उघडावे.

आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी सगळे पुरुष गवत कापत असतात. त्या दिवशी एकाही यंत्राचा आवाज नव्हता.

सगळ्यात आधी आला शेजारचा ड्वाइट कुंकल. विमा विकायचा. त्याने मागच्या अंगणात स्वतःच्या हातांनी बॉम्बपासून बचावाचं तळघर खणलं होतं आणि त्यात वर्षभर पुरतील एवढे घेवड्याचे डबे रचले होते. पहिल्याच मोठ्या पावसात त्यात गुडघाभर पाणी आणि पाण्यात बेडूक. पण या विषयात गल्लीत त्याचाच शब्द अखेरचा.

"स्प्रॅग, लेका, हे अंगणात काय ठेवतोस? पहिल्या झटक्यात उडेल. माझ्या तळघरात आण."

"तिथे बेडूक आहेत."

"बेडूक आहेत म्हणजे हवा शुद्ध आहे." त्याने कपाटावर टकटक केलं. "आणि हे तुझ्या त्या बेथनी छावणीत जायचं असेल तर माझ्या मेहुण्याचा ट्रक आहे."

मी आवाज खाली आणला. "तुला कोणी सांगितलं छावणीचं?"

"माझ्या बायकोने, बर्निसने. चर्चच्या बायका महिनाभर गोधड्या शिवताहेत. वॉशिंग्टनचे साहेब गुपचूप राहायला येणार आहेत, त्यांचे पाय बाहेर येतात म्हणून लांब गोधड्या हव्यात, असं झेलरबाईंनी कळवलंय. तुझी वेल्माच तर कापड मापून देते."

मी मागे वळून पाहिलं. वेल्मा पायरीवर उभी होती, हातात उलथनं. माझी बायको महिनाभर सरकारचं गुपित शिवत होती आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. ती मला गुपित ठेवू देत होती, कारण मला त्याचा फार अभिमान आहे हे तिला दिसत होतं.

सगळे सल्ले देऊन पांगल्यावर ती स्वयंपाकघरात शांतपणे म्हणाली, "तो पास बघू."

मी दिला. तिने तो हात पुसून घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला. "फोटो चांगला आलाय. हार्लन, यावर तुझंच नाव आहे."

"हो. पास माणशी एक असतो."

"आणि मी कुठे आहे यात?"

आता हे सांगायला हवं. नियम असा होता, की भोंगा वाजला की यादीतल्या माणसाने हातातलं काम टाकून निघायचं. एकट्याने. घरच्यांना बरोबर आणायचं नाही, कुठे चाललो ते सांगायचं नाही. मी त्या नियमाखाली सही केली होती. शेकडो साहेबांनी केली होती. सही करताना आम्हा कुणालाही आपली बायको डोळ्यांसमोर आली नाही. आम्हाला दिसत होता तो फक्त देश.

"कुटुंबीयांसाठी वेगळं परिपत्रक निघणार आहे," मी म्हणालो.

"कधी?"

"विचाराधीन आहे."

तिने तवा खाली उतरवला. "बरं. आणि कचरा?"

"कसला कचरा?"

"गुरुवारी संध्याकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा असतो. तो जड असतो म्हणून तू ठेवतोस. तू गेल्यावर कोण ठेवणार? तुमच्या साहेबामागे तीन माणसं लावलीत. माझ्या डब्यामागे एक तरी लाव."

मी हसलो. ती हसली नाही. त्यानंतर कधीही योजनेचा विषय निघाला की ती एवढंच विचारायची: कचऱ्याचं काय ठरलं? हळूहळू मला कळलं, की ती कचऱ्याबद्दल विचारत नाही. पण कळूनही मी कचऱ्याचंच उत्तर देत राहिलो. कुंकल ठेवेल, म्हणायचो.

कपाटं कुंकलच्या मेहुण्याच्या ट्रकने छावणीत पोचली. योजना मंजूर झाली. गादीचा क्रम असा: साहेब ऑर्म्सबी, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे रॉस्को पेनबर्टन. हे तिसरं नाव घालताना माझा हात अडला होता. पेनबर्टन म्हणजे दिवसभर खणावर पाय टाकून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवणारा गृहस्थ. आमच्या कचेरीत असताना त्याने एकदाच पिंप मोजलं, तेही खुर्ची मिळाली नाही म्हणून त्यावर बसता येईल का ते बघायला. पण नियमाप्रमाणे तीन नावं लागत होती आणि उरलेले सगळे त्याच्याहून कनिष्ठ होते. मी मनाशी म्हटलं, साहेब आणि मी दोघेही जाऊ इतका मोठा बॉम्ब अजून निघायचा आहे.

पुढच्या जूनमध्ये सरावाचा दिवस ठरला. गुरुवार. सगळ्या कचेऱ्यांनी एकदम शहर सोडायचं, आपापल्या जागी पोचून काम चालू करायचं, आणि वरचा पंच येऊन गुण देणार. ऑर्म्सबीसाहेब आदल्या दिवशी मूळ पिंपाला स्वतः पॉलिश करत होते.

सकाळी भोंगा वाजला. आम्ही रांगेने जिने उतरलो. इतकी शिस्त, की खालच्या मजल्याच्या लोकांनी पहिल्यांदाच आम्हाला पाहिलं. मी सगळ्यांच्या पुढे, हातात योजना. वाहनतळावर आलो आणि थांबलो. मागचे माझ्यावर आदळले.

वाहनतळावर गाड्या दोन. एक साहेबांची, कारण साहेबांना राखीव जागा. दुसरी पेनबर्टनची दोन माणसांची लाल गाडी, कारण पेनबर्टन ब्रह्मचारी.

योजना करताना मी प्रत्येकाला विचारलं होतं: तुमच्याकडे गाडी आहे का? प्रत्येकाने मान वर करून सांगितलं होतं: आहे. आणि होतीच. पण त्या काळी आमच्यातल्या कुणाच्याही घरी गाडी एकच, आणि उपनगरातून कचेरीत यायचं ते गल्लीतल्या पाच जणांनी पाळी लावून. सोमवारी याची गाडी, मंगळवारी माझी. उरलेले चार दिवस गाडी बायकोकडे. तिला वाणसामान, मुलांची शाळा, दंतवैद्य. सबंध कचेरी मिळून आमच्याकडे गाड्याच गाड्या होत्या, पण त्या गुरुवारी आमच्यातल्या एकाचीही पाळी नव्हती, त्यामुळे त्या क्षणी त्या सगळ्या बायका चालवत होत्या. मी स्वतः दर मंगळवारी गल्लीतल्या चौघांना गाडीत घालून आणत होतो, आणि सरकारी योजना लिहिताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. तसं पाहिलं तर वरच्या तीन खात्यांनी ती तपासली होती. त्यांच्याही नाही. त्यांचीही पाळी असणार.

"स्प्रॅग," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "आता?"

"साहेब, फोन करावे लागतील."

"कुणाला?"

मी खाली बघून सांगितलं. मग टोपल्या-पिंपांच्या कचेरीतले सगळे अधिकारी टेलिफोनपुढे रांग लावून उभे राहिले आणि एकेकाने घरी फोन केला. मी वेल्माला म्हणालो, "गाडी घेऊन ये. कुठे जायचं ते सांगू शकत नाही."

"छावणीत ना?" ती म्हणाली. "डोंगरात गार असतं. तुझा स्वेटर घेते. कोंबडी तळायला घेतलीये, ती पण आणते. बर्निसला सांगते, ती पण येतेय."

"बर्निसचा काय संबंध?"

"तिला झेलरबाईंना गोधड्या द्यायच्यात."

आम्ही देशाचं सरकार वाचवायला निघालो ते असे: पुढे साहेबांची गाडी, टपावर दोरखंडांनी बांधलेलं मूळ पिंप. तिच्यामागे पेनबर्टनची लाल गाडी, मांडीवर शब्दकोडं. मग एकेक कुटुंबाची गाडी, चालवायला बायको, शेजारी नवरा मांडीवर फायली घेऊन, मागे पोरं, एका गाडीत कुत्रा. प्रमाणित टोपल्या कुठेच मावेनात, म्हणून त्या आमच्या गाडीत टाकल्या, आणि वळणांवर त्या गडगडू नयेत म्हणून वेल्माने सर्वांत मोठीत तळलेली कोंबडी भरली, मधलीत बटाट्याचं सॅलड आणि धाकटीत उकडलेली अंडी. वाटेत पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस पिंपाकडे बघून म्हणाला, "सहलीला का?" साहेबांनी त्याला पास दाखवला.

पंच आमच्या आधी पोचला होता. हातावर पट्टा, गळ्यात शिट्टी. त्याने गाड्यांतून उतरणारी पोरं मोजायला सुरुवात केली आणि मग सोडून दिली. मी फाईल सावरत पुढे झालो. माझी योजना, माझी छावणी, माझा दिवस. मी 'सुप्रभात' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने माझ्या गळ्यात दोरी लावलेला एक गुलाबी पुठ्ठा अडकवला. वर लिहिलं होतं: मृत.

"हे काय?"

"सरावात काही माणसं मारायची असतात," पंच म्हणाला. "त्याशिवाय क्रम तपासणार कसा? तुम्ही आता बोलायचं नाही. त्या झाडाखाली बसा."

"पण मी आणीबाणी अधिकारी आहे!"

"होतात."

ऑर्म्सबीसाहेबांनी माझ्याकडे दुःखाने पाहिलं, टोपी काढली, आणि दुसऱ्याच क्षणी पंचाने त्यांच्याही गळ्यात पुठ्ठा घातला. साहेबांनी मरण फार छान स्वीकारलं. ते पिंपाला टेकून बसले आणि त्यांना डुलकी लागली.

उरला पेनबर्टन.

मी झाडाखाली बसून वाट पाहत होतो, की आता हा माणूस सरकार बुडवणार. मनातून मला थोडं बरंही वाटत होतं. पेनबर्टनने गाडीतून उतरून आळस दिला. मग तो झेलरबाईंशी दोन मिनिटं बोलला. जेवणघराची बाकं हलली, टेबलं लागली, फोन जोडला गेला. बायकांपैकी ज्यांना टंकलेखन येत होतं त्यांना त्याने यंत्रांवर बसवलं, पोरांना निरोप्ये केलं. ज्या खाटांवरून मी वर्षभर पत्रव्यवहार केला त्या त्याने जोडीने लावून आडव्या वापरल्या. पंचाने प्रश्न दिला: हल्ल्यानंतर एका गावात पीचच्या टोपल्या लहान निघाल्याची तक्रार आहे. पेनबर्टनने प्रमाणित टोपली मागवली. ती कोंबडीने भरलेली.

"खा सगळे, लवकर," पेनबर्टन म्हणाला. "टोपली कामाला हवीये." आणि एक तंगडी त्याने पंचाच्या हातात दिली. झेलरबाई म्हणाल्या, आधी प्रार्थना. प्रार्थना झाली. टोपली रिकामी झाली, पुसली, मोजली, निकाल टंकला. सगळं बिनबोभाट.

मी मेलेला होतो म्हणून मला कोणी तंगडी दिली नाही.

तेवढ्यात वेल्मा ताटली घेऊन माझ्याकडे यायला निघाली. पंचाने शिट्टी वाजवली. "बाई, तुमचा पास?"

"मी त्याची बायको आहे."

"कुटुंबीयांना अधिकाऱ्यांजवळ जायची परवानगी नाही."

"पण तो मेलाय ना?"

"हो, मेलेत."

"मग नवऱ्याच्या प्रेताजवळ बसायलाही पास लागतो का तुमच्यात?"

पंचाने नियमांची पुस्तिका काढली. पुढून चाळली, मागून चाळली. तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्याने शिट्टी खिशात टाकली आणि तो तळ्याकडे बघू लागला.

वेल्मा माझ्याजवळ गवतावर बसली. माझ्या अंगावर स्वेटर टाकला, ताटली मांडीवर ठेवली. मला बोलायची बंदी होती. खाली जेवणघरातून टाइपरायटरांचा आवाज येत होता आणि पोरं फायली घेऊन धावत होती.

"तुझ्यामागे सगळं छान चाललंय," ती म्हणाली.

"तेच तर," मी पुटपुटलो. "तो पेनबर्टन. शब्दकोडी सोडवणारा!"

"मी गाडी चालवत येताना विचार करत होते," ती म्हणाली. "खरंच झालं असतं, तर तू या तळ्याकाठी, आणि मी तिकडे कुंकलच्या बेडकांबरोबर. त्यांना तुझ्यावाचून चाललं असतं हे आता दिसलंच. मला मात्र..." मग तिने कोंबडीचा तुकडा माझ्या तोंडाजवळ धरला. "खा. कोणी बघत नाहीये."

त्या तळ्याकाठचा तो तासभर मला अजून लख्ख आठवतो. वेल्मा जाऊन आता किती वर्षं झाली, कुंकलचं तळघर बुजवून तिथे नवी घरं आली, टोपल्यांची कचेरीही दुसऱ्या कुठल्याशा कचेरीने गिळली. पण थंड वाऱ्याचा दिवस आला आणि कुठे तळलेल्या कोंबडीचा वास आला, की मला मेल्यासारखं बरं वाटतं.

आमच्या कचेरीला उत्कृष्ट शेरा मिळाला. अहवालात पेनबर्टनचं नाव तीनदा होतं, माझं एकदा, मृतांमध्ये. कचेरीत माझं नाव 'कैलासवासी' पडलं. कॉफीच्या यंत्रापाशी मी आलो की लोक टोपी काढायचे. वर्षभर मी ज्याला त्याला समजावत होतो, की पेनबर्टनने केलं त्यात काही विशेष नाही, योजनाच तशी भक्कम होती. कोणी ऐकून घेत नव्हतं.

मग पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो आठवडा आला. क्युबात रशियाची अणुबॉम्बवाली रॉकेटं सापडली. दुकानांत पाव मिळेना, कुंकल पंपाने तळघरातलं पाणी उपसत होता, आणि गल्लीत पुरुष एकमेकांशी गवताबद्दलही बोलत नव्हते. मीही रोज रात्री मुलांच्या खोलीच्या दारात उगाच उभा राहायचो.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळी फोन वाजला. ऑर्म्सबीसाहेब. आवाज बारीक.

"स्प्रॅग, वरून सूचना आहे. उद्या सकाळी खबरदारी म्हणून छावणीत जायचं. सराव नाही. पिंप मी गाडीवर चढवलंय. घरी काही सांगू नका."

मी मागे पाहिलं. वेल्मा टेबलापाशी उभी होती, हातात बटाट्यांचं भांडं. वर्षभर जे विचारलं ते त्या दिवशी तिने विचारलं नाही. तिने भांडं खाली ठेवलं आणि माझी बॅग ज्या कपाटात होती तिकडे चालायला लागली.

"साहेब," मी म्हणालो, "मागच्या वर्षी सरावात मी पहिल्याच मिनिटाला मेलो होतो."

"हो. मग?"

"तसंच धरा."

"स्प्रॅग, ही गंमत करायची वेळ नाही. तुमच्या जागी कोण?"

"पेनबर्टन, साहेब." आता पुढचं वाक्य बोलायला मला जे बळ लागलं ते देशासाठी सही करतानाही लागलं नव्हतं. "त्याने उत्तम चालवलं होतं. माझ्याहून चांगलं. तुम्ही तेव्हा झोपला होतात, पण मी पाहिलंय."

साहेब हळूच म्हणाले, "माझी एडना पण दारात उभी आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

पेनबर्टन गेला. दोन दिवसांत सगळं निवळलं, तो परत आला, आणि पुढे ऑर्म्सबीसाहेबांच्या खुर्चीत बसला. मी माझ्या खुर्चीतच निवृत्त झालो. हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मला काहीच माहीत नव्हतं. मी फोनजवळ उभा होतो.

वेल्मा बॅग घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबली.

"कुणाचा फोन?"

"कचेरीचा."

"काय म्हणाले?"

"माझ्यावाचून चालेल म्हणाले."

तिने बॅग खाली ठेवली. एप्रनचं टोक एकदा डोळ्यांवरून फिरवलं. मग टेबलापाशी जाऊन माझ्या ताटलीत बटाटे वाढले.

"मग जेवायच्या आधी कचरा ठेवून ये," ती म्हणाली. "आज गुरुवार आहे."

मी डबा उचलला. त्या दिवशी तो अजिबात जड वाटला नाही.